भावजींची जीभ

माझे भावजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात कामाला. तिथल्या यंत्रात पातळ पडद्यांची चळत असते. वीज सोडली की पाण्यातलं मीठ पडद्यांपलीकडे ओढलं जातं आणि मधून गोड्या पाण्याची धार निघते. भावजी तासन् तास त्या धारेशेजारी बसतात. पारदर्शक नळीतून आलेले उन्हाचे कवडसे त्यांच्या शर्टावर डुलत असतात. मीटर आहे, पण आधी ते थेंबभर पाणी जिभेवर घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "अजून खारट." मीटरही तेच सांगतो. एवढी तिखट जीभ, पण ताईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची टाप नाही!

माझी लेक तान्ह्या बाळाला घेऊन माझ्याकडे राहायला आली. बाळ डब्याच्या दुधावर. भावजींनी आमच्या विहिरीचं पाणी चाखलं. "साखर आहे नुसती. बिनघोर दे." घरचाच जाणता माणूस, आणखी कुणाला विचारायचं? त्याच पाण्यात दूध कालवलं.

काही दिवसांत बाळाचे ओठ निळसर पडले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं, वाचवलं आणि मग सांगितलं, "शेतातल्या खताचं नायट्रेट विहिरीत उतरलंय. त्याने तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो, म्हणून ओठ निळे. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही."

"चवच नाही?" भावजींनी विचारलं.

"काका, माझ्या बाळाला हात लावू नका," लेक म्हणाली. तिला गप्प करायचं माझ्याही मनात आलं नाही.

बाळ घरी आलं, बाटलीबंद पाण्यावर. भावजींनी कारखान्यातली मोडीत निघालेली छोटी चळत साहेबांना विचारून आणली आणि आमच्या मागच्या खोलीत जोडली. मिठासारखंच नायट्रेटही विजेने ओढलं जातं. दिवसभर मंद गुणगुण चालायची, भिंतींवर पाण्याची सावली हलायची. सगळं घर पाण्याच्या तळाशी जाऊन निवांत श्वास घेतंय असं वाटायचं. पाणी त्यांनी एकदाही चाखलं नाही. नायट्रेट ओळखणारी कागदाची पट्टी बुडवायचे. गुलाबी झाली की पाणी बागेत. राग होताच माझ्या मनात, पण ती वाकलेली पाठ बघून जीव तुटायचा.

एका दुपारी पट्टी पांढरीच राहिली. प्रयोगशाळेनेही पाणी चांगलं असल्याचं कळवलं. लेकीने ते उकळून दूध कालवलं, बाळाला भावजींच्या मांडीवर ठेवलं.

"काका, तुम्हीच पाजा."

बाटली संपेपर्यंत भावजींची नजर बाळाच्या ओठांवरून हलली नाही. ओठ गुलाबीच राहिले.