इंगळेबाबांच्या नावापुढे 'कै.'

ज्या माणसाला आम्ही छापून मारलं होतं, तो सकाळी दहा वाजता माझ्या प्रेसच्या दारात उभा होता.

"मी आसेगावचा गणपत इंगळे," तो म्हणाला. "तुमच्या पुस्तकात मेलो, तोच."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमला माझा लहानसा छापखाना होता आणि जोडीला प्रकाशनाची हौस. साध्या वाचकाला पेलतील अशी इतिहासाची पुस्तकं काढायची, हा आमचा उद्योग. राजेमहाराजे इतरांनी लिहून ठेवले होते. आपल्या भागातल्या सडका, विहिरी, बाजार कोणी उभे केले ते कोणी लिहीत नव्हतं. वाशीमजवळच्या मालेगावच्या हायस्कूलमधल्या साबळे गुरुजींनी गावोगाव फिरून ते म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलं. त्यातलं सडकेचं अख्खं प्रकरण इंगळेबाबा आणि त्यांची बायको रखमाबाई यांच्या आठवणींवर उभं होतं. लहानपणी दोघांनीही त्या सडकेवर खडी फोडली होती.

रविवारी मालेगावात प्रकाशन होतं आणि हा गुरुवार होता. गुरुजींनी कौतुकाने एक आगाऊ प्रत बाबांकडे पाठवली होती. पान पाचवर आठवणी सांगणाऱ्यांची यादी होती, त्यात 'कै. गणपत इंगळे'.

"बाबा, चूक झाली. बसा, चहा घ्या."

"घेतो. मेलेल्या मानसाले चहा कोन पाजते?"

मी हस्तलिखित काढलं. आसेगावच्या यादीत रखमाबाईंचं नाव पहिलं. त्या आदल्या वर्षी गेल्या, म्हणून गुरुजींनी 'कै.' लिहिलेलं. खालच्या तीन नावांसाठी 'आसेगाव' पुन्हा लिहायचा कंटाळा केला आणि डिट्टोच्या खुणा केल्या. त्या उजवीकडे सरकून नेमक्या 'कै.'खाली आल्या. आमचा कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा महादेव, याने इमानेइतबारे तिघांनाही कैलासात पोचवलं. प्रूफ मीच वाचलं होतं. हस्तलिखिताशी ते तंतोतंत जुळत होतं, म्हणून मी खूशही झालो होतो. ही माणसं जिवंत आहेत का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

"बाबा, शेवटी शुद्धिपत्र जोडतो. चुका दुरुस्त केल्याचं पान असतं ते."

"शेवटचं पान वाचते कोन? तुमी वाचता?"

मी जन्मात वाचलं नव्हतं.

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "माहं सोडा. नातीनं वाचलं तं घरात सारे हासले. पन माह्या बायकोले कै. कायले लावलं?"

"पण बाबा, रखमाबाई तर…"

"गेली ना. पन कैलासात नाई गेली. छप्पन साली आमी दोघं नागपूरले गेलतो. पोरगं कडेवर घेऊन गेलती ती. धम्म घेतला तवापासून एक देव घरात ठेवला नाई तिनं. अन तुमी तिले मेल्यावर शंकराकडे पाठोता? आमच्यात कालकथित म्हनतात. तेवढं करा. नाईतं माही गोष्ट काढून टाका. तिचीबी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेकडो पत्रिकांवर मी 'कै.' छापलं होतं. ते कोणाच्या श्रद्धेतून येतं, याचा क्षणभरही विचार केला नव्हता. आणि इथे एक बाई जन्मात पहिल्यांदा पुस्तकात आली होती, ती तिने स्वतः सोडून दिलेल्या घराच्या पत्त्यावर. गोष्ट काढली असती तर पुस्तकाचा कणाच मोडला असता. बाबांचं म्हणणं तर शंभर टक्के खरं होतं.

अडचण अशी. छापखान्यात सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात, त्याला फर्मा म्हणतात. पहिला फर्मा छापून झाला होता, त्याचा टाइप सोडून खिळे आपापल्या खणांत परत गेले होते. सोळा पानं पुन्हा जुळवायला वेळ नव्हता. एकच पान बदलायचं तर जुनं कापून नवं चिकटवावं लागतं. शिलाईआधी हे सोपं. बांधलेल्या पुस्तकात एक पान कापलं की जोडीचं पानही सुटायला लागतं. आणि फर्मे आठ दिवसांपूर्वीच नारायण बाइंडरकडे गेले होते. "काम जोरात चालू हाय" असा त्याचा रोजचा निरोप होता.

बाबांना घेऊन मी तिकडे गेलो. नारायण आम्हाला पाहून उठून उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"भाऊ, रागावू नका. साळ्याचं लगन होतं रिठदले. तुमाले दाखवाले पंचवीस बांधल्या. बाकीच्याइले अजून सुई लागली नाई."

"एकालाही नाही?"

"आजच कामाले बसून राह्यलो होतो. आईची आन."

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मी त्याला मिठी मारली. तो इतका घाबरला की त्याला वाटलं काम काढून घेतलं.

महादेवने तासाभरात पान जुळवलं. बाबांनी ओल्या प्रुफावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. 'कालकथित रखमाबाई इंगळे' इथे बोट बराच वेळ थांबलं. मग खाली आलं, 'श्री. गणपत इंगळे'.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. "ह्या खालच्या दोघाइलेबी सांगतो जिते झाले म्हून."

बांधलेल्या प्रती बाजूला ठेवून दोन दिवस नारायण, महादेव, मी आणि खाली मान घालून साबळे गुरुजी खळीत हात बुडवून पानं चिकटवत बसलो. रविवारी पुस्तक वेळेवर पोचलं. प्रकाशनात बाबांनी रखमाबाईंच्या वाटणीची गोष्टही स्वतःच सांगितली. परतीच्या एसटीत मी उभ्याने झोपलो.

त्यानंतर प्रत्येक यादीच्या कडेला मी पेन्सिलीने दोन प्रश्न लिहीत आलो. माणूस हयात आहे का? नसेल तर घरचे त्याला काय म्हणतात? इतिहासाच्या पुस्तकात सन चुकला तर पत्र येतं. नाव चुकलं तर माणूस येतो.