मावशीचा खांदा आणि बोईसरचा मॉक्सा

मला एका जागी बसवत नाही. घिवलीच्या मावशीचा खांदा धरलाय, हात वर जात नाही, असं कळलं आणि दुसऱ्याच सकाळी मी नाशिकहून एसटीत बसले. बोईसरजवळ सरावलीला मॉक्साचा शेक देतात, हे मैत्रिणीकडून ऐकलं होतं. बोंबलांचा हंगाम तोंडावर आलेला. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून मावशी ते बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घालते. वरच्या दोरीला हात पोचला नाही तर सुनेला हाक मारावी लागणार, आणि मावशीला तेच नको होतं.

त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता. घाटात मळमळत असेल तर पुढची सीट धरा. जव्हारला वडापाव बरा मिळतो, चहा म्हणजे नुसतं गोड पाणी. "अजून किती?" असं मी इतक्यांदा विचारलं की कंडक्टर म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवता का?" बोईसरहून घिवलीला शेअर रिक्षा स्वस्त आहे, पण भरल्याशिवाय हलत नाही. माझा जीव नुसता वरखाली.

दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन सरावली गाठली. मॉक्सा म्हणजे दवण्याच्या जातीतल्या एका झाडाचा वाळवलेला पाला. त्याची जाड कांडी पेटवतात आणि धुमसतं टोक कातडीपासून जरा लांब धरून शेक देतात. ही चिनी पद्धत. खोलीभर कडवट धूर होता. बाकावरचा एक कामगार मावशीला म्हणाला, "चाची, डरो मत, जलाते नहीं, बस सेंकते हैं."

मावशीला नेमकं तेच पटेना. "आग लांब धरून काय होनार? आमच्याकडं इळा तापवून डाग देतात. डाग उठला का दुखनं गेलं."

"डाग पडूच द्यायचा नाही, मावशी," पेटती कांडी मावशीच्या खांद्याजवळ धरत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसती ऊब आत जाऊ दे. महिनाभर यावं लागेल. हलू नका."

महिनाभर! मला तर दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. मी खिडकी ते दार फेऱ्या मारत राहिले, सारखी घड्याळ बघत. तेवढ्यात मावशीने खांदा उचलला आणि सरळ कांडीच्या टोकाला टेकवला. बाईंनी झटक्यात हात मागे घेतला, पण चटका बसलाच. थंड पाण्याची धार धरत त्या चिडून म्हणाल्या, "आता जखम भरेपर्यंत शेक बंद."

"मावशी, काय केलंस हे!" मी ओरडलेच.

"तुलाच जायची घाई ना? मंग एकदाच लावून घेतलं."

घरी सुनेने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली, जखमेला मलम लावलं. मी सकाळची गाडी पकडली. वाटभर स्वतःचाच राग येत होता.

तुम्ही जाणार असाल तर महिना हाताशी ठेवून जा. जखम भरल्यावर मावशीचा शेक पुन्हा सुरू झाला, सूनच तिला सरावलीला घेऊन जाते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने हात वर करून दाखवला. कानापर्यंत आला, तिथेच अडला. तो मॉक्साने आला की आपोआप, मला ठाऊक नाही. वरची दोरी आता सून भरते.

"वाईट वाटतं का गं?" मी विचारलं.

"वाटतं ना," मावशी म्हणाली. "पन शेक सरेपर्यंत ती माज्याजवळ बसून रवते गो."