छपरापलीकडचा दिवा

पडदा वर जातो तेव्हा मंचावर फक्त बर्फाचा पांढरा रंग असतो. मागे काळसर झाडांच्या रांगा, डाव्या हाताला स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यासमोर अंगणात जळाऊ लाकडांची शेड. दूर, समोरच्या टेकडीवर, एकच घर. आवाज कसलाही नाही. आयुष्यभर मी भरलेली थिएटरं पाहिली, पण इतकं भरलेलं आणि इतकं गप्प थिएटर जर्मनीतल्या न्युरेम्बर्गपलीकडच्या या डोंगराळ गावातच पाहिलं.

माझी भाची ऊर्मिला इथे राहते, आणि रंगभूमी सोडल्यापासून मीही तिच्याकडे. चिपळूणची मुलगी. न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत यंत्रांचे सांगाडे डिझाइन करते आणि सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांच्या कुंपणांत नि दारांत लक्ष घालते. बोलणं कमी. विचार करताना पेन्सिल अंबाड्यात खोचते आणि मग तीच पेन्सिल घरभर शोधत फिरते.

ती खिडकी शेजारच्या लिंडनरबाईंची, इथल्या बोलीत फ्राउ लिंडनर. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. समोरच्या टेकडीवर त्यांची थोरली बहीण राहते, तीही एकटीच. थोरलीला आता ऐकू येत नाही, त्यामुळे फोन नुसता भिंतीवर असतो. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या खिडकीत दिवा लावतात. समोरचा दिवा दिसला की समजायचं, तिकडे सगळं ठीक आहे.

गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने शेडचं जुनं, बसकं छप्पर मोडलं. नवं करून द्यायचं ऊर्मिलाने अंगावर घेतलं. पहिला आराखडा तिने अगदी कोकणातला काढला: उभा उतार, गुळगुळीत पत्रा, वरून येईल ते घसरून जावं. मी म्हटलं, देखणं आहे. मग उंचीचा अंदाज घ्यायला ती अंगणात गेली आणि एका काठीला आडवी फळी बांधून, छपराचं टोक येईल तिथे धरून उभी राहिली. मी आणि फ्राउ लिंडनर खिडकीत. समोरचा दिवा फळीमागे गेला. त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या. प्रेक्षक असा अर्धवट उठला की आम्ही ओळखायचो, नेपथ्य चुकलंय. ऊर्मिलाला मी तेच सांगितलं.

“मावशी, हे तुझं नेपथ्य नाही. यावर खरं वजन येणार आहे,” ती म्हणाली. पण आराखडा तिनेच फाडला.

दुसरं छप्पर ठेंगणं झालं. उतार जेमतेम. बर्फाला ढकलून द्यायचं नाही, त्याला डोक्यावर घेऊन उभं राहायचं. म्हणून तुळया जाड आणि एकमेकींना खेटून, मध्ये आणखी खांब. गावातल्या सुताराने तुळया पाहून विचारलं, आल्झो, बरं मग, वर हत्ती ठेवायचाय का? ऊर्मिला म्हणाली, हत्ती परवडला, तो निदान हाकलला तर उठतो.

जानेवारीत बर्फ सुरू झाला तो थांबेचना. मी झोपेतही तो पडताना पाहत होते. उघडला त्या संध्याकाळी आम्ही दोघी फ्राउ लिंडनरांकडे गेलो. शेड कुरकुरलीसुद्धा नव्हती. पण फ्राउ लिंडनर अंधारात, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. छपरावर कमरेएवढा बर्फ साचला होता आणि त्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं.

ऊर्मिलाने खिडकीतून छपरावरचा बर्फ नजरेने मोजला. मग म्हणाली की तिने बर्फाचं वजन धरलं होतं, उंची धरलीच नव्हती. कोकणातला पाऊस छपरावर राहत नाही. त्याला उंची असते हे मनात येणार कुठून?

कोट चढवून ती बाहेर गेली. खाली उभी राहून, लांब दांड्याच्या फावड्याने बर्फ ओढू लागली, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा, एकाच बाजूला भार राहू नये म्हणून. निळ्या उजेडात तो भुकटीसारखा उडत होता, आणि तिच्या अंगावर, केसांवर, अंबाड्यातल्या पेन्सिलीवर बसत होता. स्वप्नात कुणी पडदा ओढावा तसा तो पांढरा काठ हळूहळू खाली आला. आणि त्यावर एक पिवळा ठिपका उगवला.

फ्राउ लिंडनरांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी खिडकी उघडली आणि जुन्या, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगितलं, दिसला.

ऊर्मिलाने धापा टाकत वर, आमच्या काळोख्या खिडकीकडे पाहिलं.

“मावशी, आधी त्यांना त्यांचा दिवा लावायला सांग. तिकडे थोरल्या आजी केव्हाच्या अंधाराकडे बघत बसल्या असतील.”