तेरसेचं पाणी

मला पोहता येत नाही, हे आधीच सांगते. डोंबिवलीच्या मोठागावात खाडीच्या काठावर जन्म गेला, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरले नाही. तरी परवा मालवणला भर समुद्रात बोटीवर बसलेले, कारण आमच्या रुचिताची परीक्षा होती. मी तिची आत्या, मालन. तिची आई गेल्यापासून तिला मीच वाढवलंय, तेव्हा बोलायचा हक्क माझा.

ही बाय शीळफाट्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर होती. चांगली नोकरी. ती सोडून म्हणाली, स्कुबा डायव्हिंगची गाइड होणार, पाठीवर हवेची टाकी बांधून लोकांना समुद्राखालचे प्रवाळ दाखवणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तिचा बाप म्हणजे माझा भाऊ जगन. तो खाडीत मासे धरायचा. खाडी काळी झाली तशी चार वर्षांपूर्वी त्याने होडी उलटी करून ठेवली आणि कॅलेंडरात तिथी बघणंसुद्धा सोडलं.

तिथीचं सांगायला हवं. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. तेरस असेल तर तेराची पाऊणपट, म्हणजे पावणेदहा. त्यात मोठागावचा एक तास मिळवायचा, कारण समुद्राचं पाणी खाडी चढून आमच्यापर्यंत यायला तेवढा वेळ घेतं. रुचिताला पाढ्यांच्या आधी हे येत होतं.

आणि तिथेच बाईसाहेब आपटल्या. पहिल्या परीक्षेला तेरस होती. भरती होऊन पाणी जरा थांबतं, तेवढ्यातच माणसं खाली न्यायची, नाहीतर ओढ लागते. वेळ तिनेच ठरवायची होती. हिने ठरवली पावणेअकरा! अगं, भर समुद्रात मोठागावचा तास कुठून आणलास? पाणी केव्हाच परतीला लागलेलं. पर्यटक बनून आलेले दोन गाइड आणि ही, तिघं ओढीत सापडले आणि बोटीपासून पार लांब वर आले. परीक्षक स्वानंद सरांनी नापास केलं. म्हणाले, "पंधरा दिवसांनी शेवटची संधी. पुन्हा नाही."

जगन फोनवर म्हणाला, "परत ये पोरी. माझं गणित खाडीबरोबरच मेलं." मला असा राग आला त्याचा! पोरीच्या तोंडचं पाणी पळालेलं आणि हा तेरावं घालतोय.

पण रुचिता परत आली नाही. रोज कुणा ना कुणा मच्छीमाराच्या होडीतून प्रवाळांपाशी जायची, पाण्यात नारळाची करवंटी सोडायची आणि ती कधी थांबते, कधी उलटी फिरते ते वहीत लिहायची. उन्हाने नाकाची सालं निघाली. पंधरा दिवसांत एक खाडा नाही. शेवटी म्हणाली, "आत्या, बाबांची पाऊणपट खरीच आहे. इथे भरती आपल्याकडच्या समुद्रापेक्षा आधी येते, म्हणून फक्त त्यातून एक तास वजा करायचा."

पुन्हा तेरस आली. "साडेआठला उतरायचं. पावणेनऊला पाणी थांबेल," रुचिता म्हणाली. स्वानंद सर नुसते हसले आणि तिच्या आणि त्याच दोन गाइडांच्या मागून पाण्यात गेले. मी भाकरीचा डबा छातीशी धरून बुडबुडे बघत बसले. जीव टांगणीला लागला होता. बुडबुडे हलले की मला वाटायचं, गेली पोरगी वाहत.

नऊ वाजून गेले. मग नांगराचा दोर धरून एकेक डोकं वर आलं, चारही, बोटीला खेटून. "खाली पोपटमासे वाटेल तिकडे तोंडं करून चरत होते गं," रुचिता धापा टाकत म्हणाली. "मग एकदम सगळ्यांनी एकाच बाजूला तोंडं वळवली. म्हटलं, ओढ सुरू झाली. सगळ्यांना लगेच दोराकडे आणलं." सर म्हणाले, "पास." मी तिला आधी एक धपाटा घातला, मग रडले.

जगनला फोन लावला. पोरगी पास झाल्याचं स्पीकरवर सांगितलं. तर म्हणाला, "पाणी किती वाजता फिरलं?"

"नऊला, बाबा."

"थांब, पेन घेतो." कॅलेंडराची पानं फडफडली. "उद्या चौदस. चौदाची पाऊणपट साडेदहा, वजा एक... तुमच्याकडे साडेनऊ ना गं?"

चार वर्षांनी माझा भाऊ तिथी बघत होता.