गोणपाटाखालची टेकडी

ओल्या गाळाचा वास आला की अजूनही पायांच्या बोटांमधून तो गारवा चढतो. तापीचं पाणी सुरतेत शिरून ओसरलं होतं आणि बमरोलीतल्या आमच्या वर्गाच्या खोलीत घोटाभर चिखल ठेवून गेलं होतं. खानदेशातून मागावर कामाला आलेली माणसं तिथे अक्षरं गिरवत. खोलीच्या मालकाने बजावलं, रविवारपर्यंत खोली कोरडी झाली नाही तर तिथे कापडाच्या गाठी रचणार. काय हा उद्दामपणा! मी तावातावाने पत्रक लिहायला बसलो.

हा वर्ग चालवणाऱ्या भूगोलाच्या सरांनी नुकतीच हिमनदी शिकवली होती. उपमा आयती मिळाली. 'हिमनदीखालच्या गाळासारखे आम्ही मुकाट चिरडले जातो!' मी ते मोठ्याने वाचलं. वर्गातली थोरली विद्यार्थिनी द्वारकाबाई फणकारली, "भाऊ, तुना कागद ऱ्हाऊ दे, आधी गोणपाट वढ!"

ओल्या गोणपाटावर दगड ठेवायचे आणि ओढत गाळ दाराबाहेर काढायचा, ही तिची रीत. मी ओढू लागलो. मध्येच ते अडलं. नेट लावून पुढे नेलं, मागे वळून पाहतो तर काय! जमिनीत रुतलेल्या विटेच्या तुकड्याभोवती गाळ साचून पालथ्या चमच्यासारखी इवलीशी टेकडी झालेली. आलो त्या बाजूला बोथट, गेलो त्या बाजूला निमुळती. आमच्यासोबत गाळ काढायला आलेले सर चिखलातच उकिडवे बसले. "अरे, हा तर हिमोढगिरी! हिमनदीखाली गाळाची अशीच टेकडी घडते."

खरंच, त्या अफाट हिमस्तराच्या भाराखाली पाण्याने भिजलेली दगडमाती स्वस्थ कुठे पडून असते? ती सरकते, एखाद्या हट्टी खडकाला बिलगते, थरावर थर चढवत आकार घेते. बर्फ वितळून मागे हटलं की टेकड्यांचा कळप उजेडात येतो, आणि ते ओझं कुठून कुठे गेलं, याची साक्ष देत उभा राहतो. ओझ्याची भलामण मी कधीच करणार नाही. पण ओझ्याखालची माणसं मुकी असतात, हे मला कुणी सांगितलं होतं? द्वारकाबाईने तर नक्कीच नाही!

रविवारी मालक आला, कोरड्या जमिनीवर पाय आपटून पाहिला आणि गाठींची हातगाडी परत घेऊन गेला. ती टेकडी मात्र द्वारकाबाईने कुणाला उचलू दिली नाही. तिच्याभोवती वर्ग बसला. पत्रकातलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी काय लिहावं, हे अजून ठरलेलं नाही. पण गाळाचा वास आला की हात आधी गोणपाट शोधतो.