घरचे आणि पाहुणे

जंगलातल्या शिबिराच्या आधी रहांगडाले मॅडम कॉलेजच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाची पाठीवरची बॅग कानाशी धरून हलवत. दुकानात नारळ हलवून बघतात तशी. आत काही खडखडलं की बॅग परत. "वाजून राहिली. एक तं नीट भरली नाहीस, नाही तं नको ते भरलंस." भूगोल शिकवताना त्यांची मराठी पुस्तकातली असे, बॅग हातात आली की त्या सरळ आपल्या तिरोड्याकडच्या बोलीत उतरत.

पहिल्या वर्षी माझी बॅग वाजली नाही, पण मॅडमची नजर माझ्या पायांकडे गेली. बाबांनी शिबिरासाठी गोंदियाहून नवे बूट आणले होते.

"हे कोण?"

"बूट, मॅडम."

"ते दिसून राहिलं. घरचे का पाहुणे?"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. नवी वस्तू म्हणजे पाहुणा. तिचा स्वभाव आपल्याला ठाऊक नसतो. कुठे चावेल, कुठे गळेल, सांगता येत नाही. पाहुण्याचा मान ठेवावा, पण त्याच्या भरवशावर जंगलात जाऊ नये. आधी त्याला घरचं करावं.

"मग काढून ठेवू? बाबांना वाईट वाटेल."

"काढतेस कायले? अजून दिवस आहेत. शेतातल्या बांधीच्या धुऱ्यावरून रोज फिरव. चावायचं ते घरी चावू दे."

मॅडम महाग वस्तूंच्या विरुद्ध होत्या असं नाही. एकदा त्यांनी भारी किमतीचा रेनकोट घेतला आणि तो घालून भर उन्हात कॉलेजच्या टाकीच्या नळाखाली उभ्या राहिल्या. ऑफिसातले बाबू धावत आले. "मॅडम, काऊन भिजून राहिल्या?"

"भिजतो का तेच पाहून राहिली," मॅडम म्हणाल्या. खांद्याच्या शिवणीतून पाणी आत आलंच. रेनकोट त्याच दिवशी दुकानात परत गेला.

बुटांचं जमलं, पण माझ्या जाण्याचं जमेना. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. नवेगाव बांधच्या तळ्याकाठी कापडाच्या तंबूत मुलगी झोपणार हे बाबांच्या गळी उतरत नव्हतं. मी रडून सांगितलं तेव्हा मॅडमनी समजूत घातली नाही. संध्याकाळी त्या तंबू घेऊन आमच्या अंगणात हजर झाल्या.

"भाऊ, हा पण पाहुणाच आहे. आधी तुमच्या घरी झोपवून पाहा."

आम्ही तंबू उभा केला. अर्धी गल्ली जमली. बाबा चपला काढून आत शिरले आणि चेन लावून पडून राहिले. बाहेर आई तोंडाला पदर लावून हसत होती. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "मॅडम, गर्मी होऊन राहिली ना!"

"खिडक्या लावून झोपाल तं होईलच, भाऊ. वरची जाळी उघडा. थंडीत पण उघडीच ठेवा लागते, नाही तं आपल्याच श्वासाचं पाणी सकाळी अंगावर पडते."

बाबांनी जाळी उघडली. मग बाहेर येऊन एकेक खुंटी हलवून पाहिली. एका कोपऱ्याची पट्टी उसवली होती. आईनं पोती शिवायचा दाभण आणून ती तिथंच शिवली. "हे तळ्यावर उसवलं असतं तं?" बाबांनी विचारलं.

"म्हणून तं इथं आणला," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी टॉर्च आणला आणि तो स्वतःच संध्याकाळभर लावून बघत बसले. त्या शिबिरातून मी परत आले आणि त्यानंतर मला कुठं पाठवताना घरात वाद झाला नाही. पुढं शिकायला नागपूरला जातानाही नाही.

आज मी शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गाला पहिल्यांदाच टेकडीवर न्यायचं ठरलं, तेव्हा निवृत्त झालेल्या मॅडमना मी सोबत बोलावलं. खरं सांगायचं तर त्या आहेत म्हणूनच मी मुख्याध्यापकांना हो म्हटलं होतं. मॅडम आल्या. तीच विटलेली बॅग, तेच झिजलेले बूट. पायथ्याशी पोहोचल्यावर मुलं पाणी पीत होती, तेवढ्यात त्या चढावर थोडं चालून गेल्या, उतरल्या, पुन्हा गेल्या. मग दगडावर बसून बुटाच्या नाड्या सोडू लागल्या.

"काय झालं, मॅडम?"

"बूट घरचे आहेत. गुडघा पाहुणा झाला."

"हळूहळू जाऊ ना आपण. मुलं थांबतील."

"चढताना जमेल, बाई. उतरताना धोका देईल. मग तू पोरं पाहशील का मले?"

चढायच्या वाटेकडे बघायची हिंमत होत नव्हती. "तुमच्याशिवाय मी यांना कशी नेऊ?"

मॅडमनी हात पुढं केला. मी बॅग उतरवून दिली. त्यांनी ती कानाशी धरली, डोळे मिटले आणि हलवली.

काहीच वाजलं नाही.

"जा," बॅग माझ्या खांद्यावर चढवत त्या म्हणाल्या. "खाली मी आहो ना."