ठराव: संघूने बरं व्हावं

माझं डोकं बंद पडलं तेव्हा माझ्या हातात माईक होता, त्यामुळे ही गोष्ट खाजगी ठेवता आली नाही.

झालं असं. आमच्या वस्तीतली अभ्यासिका बंद करून तिथे मोडक्या खुर्च्यांचं गोदाम करायचं, असा दिव्य विचार एका साहेबांच्या डोक्यात आला होता. (सरकारी खुर्च्या इतक्या मोडतात कशा, हा प्रश्न मी वेगळ्या पत्रकात विचारला होता.) त्याच अभ्यासिकेत बसून मी पदवीधर झाले. आज तिथे ज्या मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, त्यांच्या घरी टेबल ठेवायला जागा नाही, आणि जिथे टेबल आहे तिथे त्यावर टीव्ही आहे. म्हणून धरणं. म्हणून माईक. पहिली मागणी दणक्यात झाली. दुसरी त्याहून दणक्यात. तिसरी आठवेचना! कागदावरची अक्षरं दिसत होती, पण अर्थ लागत नव्हता. मग मला रडू आलं. साधंसुधं नाही, सलग आणि भोंग्यातून! माईकवाल्याला वाटलं, हा भाषणाचाच भाग आहे. त्याने आवाज वाढवला. त्या दिवशी सर्वांत जास्त टाळ्या मला तिथेच पडल्या.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झोप किती?"

"चार तास."

"जेवण?"

"तर्री पोहे."

"आणि रात्री?"

"सकाळचे उरले असतील तर तेच."

"पत्रकं किती लिहिता?"

"आठवड्याला पाच."

"कोणाविरुद्ध?"

"ते आठवड्यावर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तीन आठवडे पूर्ण विश्रांती. घोषणा नाही, मोर्चा नाही, पत्रक नाही. कोणाकडे काही मागायचं नाही. त्यानंतर घरच्यांना ठीक वाटलं, तर हळूहळू सुरू करा."

"घरच्यांना काहून? हा निर्णय कोणत्या नियमाखाली—"

सोबत आलेल्या आईने माझा दंड धरला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

आता 'घरच्यांना ठीक वाटलं तर' हे शब्द दुसऱ्या कुठल्या घरात निरुपद्रवी ठरले असते. आमच्या घरात नाही! बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले असले, तरी वस्तीतल्या जयंती समितीचे चिटणीस म्हणून त्यांची नोकरी अजून चालू आहे. त्यामुळे आमच्याकडे काही नुसतं होत नाही, त्याचा ठराव होतो. कुकर बदलायचा, ठराव. भाचीच्या लग्नाला कोणी जायचं, ठराव. सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान आणि लाल बांधणीच्या रजिस्टरात नोंद. सभासद चार: बाबा, घरी शिलाई मशीन चालवणारी आई, बाबांची मोठी बहीण म्हणजे आत्या, आणि मी. मी शाळेत असल्यापासून बहुतेक ठरावांच्या खाली 'विरोधात: संघमित्रा' असं लिहिलेलं आहे.

त्या संध्याकाळी तातडीची सभा झाली. ठराव: संघूने बरं व्हावं. सूचक आई, अनुमोदक आत्या.

"मले काही झालंच नाही!" मी म्हटलं.

"काही नाही झालं तं भोंग्यातून रडली काहून?" आत्या म्हणाली.

विरोधात: संघमित्रा. बहुमताने मंजूर.

"पण बरं व्हायचं कसं, त्याची कार्यपद्धती ठरवा लागते," बाबा चष्मा पुसत म्हणाले.

"त्याची काय चिंता? ऋजुताचं बी असंच झालं होतं ना!" आत्या म्हणाली.

"कोण ऋजुता?"

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी संविधानाचं नाव ऐकलं नाही म्हणाले असते तर पाहिलं असतं.

ऋजुता ही एका मालिकेची नायिका. (मालिकेचं नाव सांगणार नाही, मी कोणाची फुकट जाहिरात करत नाही.) सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात. ऋजुता बँकेत अधिकारी. एका दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या तिचं डोकं बंद पडतं. ती पायातल्या चपला काढते, ग्राहकाच्या लॉकरमध्ये ठेवते, लॉकर लावते आणि अनवाणी घरी चालत जाते. पुढे रोज एक नवा प्रयोग करत ती स्वतःला पुन्हा घडवते. हसवत, रडवत, आणि तीन बाल्कन्या असलेल्या फ्लॅटमध्ये राहून!

"हिची भांडी कोण घासतं?" मी पहिल्याच भागाला विचारलं. "त्या बाईचं नाव काय? तिचं डोकं बंद पडलं तं तिले कोणती बाल्कनी?"

"चूप वं!" आत्या म्हणाली.

जाहिरातीच्या वेळात दुसरा ठराव आला: ऋजुता जे करेल, ते संघूने दुसऱ्या दिवशी करावं. मंजूर!

ऋजुताने मातीची भांडी केली. सकाळी बाबा कुंभाराकडून घमेलंभर माती घेऊन दारात उभे. मी फुलदाणी केली. शेजारच्या काकूंनी ती पाहून हळूच विचारलं, "घरात सिगारेट कोण पिऊन राहिलं?"

ऋजुता रोपांशी बोलली. मला अंगणात ड्रममध्ये लावलेल्या संत्र्याच्या झाडासमोर खुर्ची टाकून बसवलं. पाच मिनिटांनी आई चहा घेऊन आली तेव्हा मी झाडाला त्याचे हक्क समजावून सांगत होते. चहा परत गेला.

मग ऋजुता एका टेकडीवर जाऊन पोटातून ओरडली. दुसऱ्या दिवशी आमची समिती मला घेऊन फुटाळ्यावर. समोर तलाव, मागे भेळेच्या गाड्या, बाकांवर जोडपी.

"ओरड," बाबा म्हणाले.

"काय ओरडू?"

"जे पोटात हाय ते."

मी डोळे मिटले, श्वास घेतला, आणि पोटात जे होतं ते बाहेर आलं: "अभ्यासिका आमच्या हक्काची!"

"नाही कोणाच्या बापाची!" मागून भेळवाल्याचा आवाज. पाठोपाठ तीन जोडप्यांचा! मला काय होतंय हे कळायच्या आत चार घोषणा झाल्या होत्या आणि एक पोलीस हवालदार बाबांना विचारत होता, "परवानगी घेतली का?" बाबांनी सवयीने खिशात हात घातला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी बाबांना परवानगीशिवाय पाहिलं. त्या दिवशी रजिस्टरात एकच ओळ आहे: 'तब्येतीत बिघाड.'

इथपर्यंत हे सगळं मी एक अन्याय म्हणून सहन करत होते. पण अभ्यासिकेच्या सुनावणीची तारीख आली! सोमवार, सकाळी अकरा. विश्रांती संपल्यावर तिसऱ्याच दिवशी. वस्तीच्या बाजूने बोलायला एकच माणूस मिळणार होता आणि अर्जावर नाव माझं होतं.

"मी जाईन," मी म्हटलं.

आईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "ऋजुता बरी झाली का जाशील."

"अवं आई, ते बाई खोटी हाय! तिले कोणीतरी मुंबईत बसून लिहून राहिलं!"

"मंग त्याले लवकर लिहाले सांग."

झालं! माझं भाषण, अभ्यासिका, चाळीस मुलींच्या खुर्च्या, सगळं आता एका अनोळखी लेखकाच्या हातात. साडेसात वाजले की मी सर्वांत आधी टीव्हीसमोर. आधी रागाने पाहायचे. मग हिशेबाने: आज किती बरी झाली, शुक्रवारपर्यंत होईल का. आणि मग एका संध्याकाळी हातात खरकटं ताट घेऊन मी अर्धा तास उभी होते, हे आत्याने दाखवून दिल्यावर मला कळलं. ऋजुता खानावळ काढणार होती. तिला जमेल? पहिल्या दिवशी कोणी येईल? तिची ती खडूस सासू येईल? कशाचीही मागणी न करता पुढे काय होतं हे नुसतं पाहावंसं वाटणं, हा प्रकार माझ्यासाठी नवा होता. मला तो जरा लाजिरवाणाच वाटला.

दरम्यान चोरून सराव चालूच होता. आमच्या घरात एकांत मिळतो तो बाथरूममध्ये. नळ सोडायचा, मग्गा तोंडासमोर धरायचा आणि सुरू! भिंतीपलीकडे आईची मशीन.

"एवढा वेळ काय करून राहिली वं?"

"आंघोळ!"

"अर्धा तास?"

"डोक्यावरून!"

सरावात तिसरी मागणी रोज आठवायची. पण मग्ग्यासमोर. खऱ्या माईकची नुसती आठवण आली तरी तळहाताला घाम फुटायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. खानावळीचं उद्‍घाटन, दारात पाहुणे, आणि ऋजुता? ऋजुता टेबलाखाली जाऊन बसली! गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली, "मला नाही जमणार." त्यावर संगीत वाजलं आणि भाग संपला. पुढचा भाग सोमवारी संध्याकाळी. सुनावणी सोमवारी सकाळी!

"हा कट आहे!" मी ओरडले.

"पाहा," आत्या आईला म्हणाली, "पोट्टी पुन्हा ओरडून राहिली."

रविवारी विशेष सभा भरली. दोन तास चर्चा. शेवटी बाबांनी तडजोड मांडली: संघूने जावं, पण आईने सोबत राहावं, आणि लक्षण दिसताच संघूला मंचावरून उतरवावं.

"पण लक्षण कोणतं?" आईने विचारलं.

"ऋजुताचं कसं झालं?" आत्या बोटं मोडत म्हणाली. "आधी तिनं चपला काढल्या. चपला काढल्या का समजायचं, गेली."

मंजूर. यावेळी मीही बाजूने मत दिलं, कारण सुनावणीत चपला काढायचं मला काय कारण!

सुनावणीच्या सभागृहात मंचावर नवाकोरा गालिचा अंथरला होता. माझं नाव पुकारलं. मी पायऱ्यांपर्यंत गेले, आणि तिथे उभा असलेला शिपाई अदबीने म्हणाला, "मॅडम, चपला खाली काढा."

मी काढल्या.

पाचव्या रांगेतून एक किंकाळी ऐकू आली. "गेली!"

मी माईकपर्यंत पोचून "माननीय" एवढं म्हणेस्तोवर आई मंचावर! (तिच्या पायात चपला होत्या. शिपाई बिचारा नंतर गालिचा झटकत बसला.) तिने एका हाताने माझा दंड धरला, दुसऱ्या हाताने माईक बाजूला सारायला गेली, तो स्टँडमधून निघून तिच्याच हातात आला.

"बाई, तुम्ही कोण?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

आईला आजवर हा प्रश्न कोणी माईक हातात असताना विचारला नव्हता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माईककडे. आणि सुरू झाली!

"माननीय महोदय! अभ्यासिका ही खोली नाही, तो आमच्या मुलींचा पत्ता आहे!"

माझं भाषण! शब्दन् शब्द! पंधरा दिवस मशीन चालवता चालवता भिंतीतून ऐकलेलं, माझ्याच चढउतारांसह, साबण लावताना मी जिथे थांबायचे तिथे थांबून. पहिली मागणी झाली, दुसरी झाली. "आणि म्हणूनच आमची तिसरी मागणी, आई, टॉवेल दे!"

सभागृह फुटलं. साहेबांनी हसू लपवायला तोंडासमोर फाइल धरली. आई मात्र हसली नाही. तिने पदर खोचला.

"हे पोरीचं झालं. आता माहं आयका. मी दहावीत दोनदा नापास झाली साहेब. डोकं नव्हतं म्हणून नाही. एका खोलीत आम्ही आठ जण, आन् दिव्याजवळची जागा भावाची. आमच्या टायमाले अशी अभ्यासिका राहिली असती, तं मी आज तुमच्या बाजूच्या खुर्चीवर बसली असती. आन् खुर्ची मोडू नसती देल्ली मी."

साहेबांनी फाइल खाली ठेवली.

मी तिच्या शेजारी अनवाणी उभी होते. तिसरी मागणी मला स्वच्छ आठवत होती, माईक हातभर अंतरावर होता, तळहात कोरडे होते. पण मला माईक नकोच होता. मला फक्त ऐकायचं होतं, आता ही पुढे काय म्हणते! आईच्या दहावीची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. (विचारली असती तर आधीही सांगितली असती तिने. पण मी घरी फक्त निवेदनं वाचून दाखवायचे.)

अभ्यासिका राहिली. मोडक्या खुर्च्या कुठे गेल्या ते मी शोधते आहे. त्या संध्याकाळी आईला भेटायला अर्धी वस्ती आमच्या घरात होती, त्यामुळे साडेसातला टीव्ही लावायला कोणाला सुचलंच नाही, आणि ऋजुता टेबलाखालून बाहेर कशी आली हे आम्हाला आजही माहीत नाही. आत्या त्यासाठी मला जबाबदार धरते.

माणसाने मोडून पडल्यावर नव्याने उभं राहावं, असं त्या मालिकेचं म्हणणं होतं. आमच्याकडे मोडले मी आणि उभी राहिली आई! आता वस्तीत कुठलीही सभा असली की बोलावणं तिला येतं. रजिस्टरात तसा ठरावच आहे: भाषण आईने करावं, लिहून संघूने द्यावं. विरोधात: कोणी नाही. आई सरावाला बाथरूममध्ये जाते, नळ सोडते, मग्गा तोंडासमोर धरते. आणि मी, विदर्भातली एक तडफदार युवा कार्यकर्ती, दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असते.